किल्ली खिशात, कुलूप परगावी

कचेरीचे दप्तर कचेरीतल्याच कपाटात असे, तेव्हा त्याच्या रक्षणाचा प्रश्न कुलूप, किल्ली आणि पहारेकरी एवढ्यावर भागत असे. आज ते दप्तर दूरच्या एखाद्या संगणकात असते आणि कर्मचारी घरच्या वा परगावच्या पडद्यावर ते उघडून काम करतो. काम चालते तिकडे. इकडे दिसते ते केवळ त्याचे चित्र. अशा व्यवस्थेत दार ठोठावणारा इसम खरोखरच तो आहे काय, हे ओळखावयाचे कसे? ‘परवलीचा शब्द’ हे या प्रश्नाचे रूढ उत्तर होय. ते अपुरे आहे. आणि अधिक चांगले उत्तर हाताशी असूनही ते नीट वापरले जात नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

परवलीच्या शब्दाचा दोष मूलभूत आहे. तो सांगितल्यावाचून ओळख पटत नाही आणि एकदा सांगितला की तो गुपित राहत नाही. स्मार्ट कार्डाने हा पेच सोडविला. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली चिपच्या कार्डाचे पेटंट घेतले. जर्मनीत तत्पूर्वीच तशा कल्पनेची नोंद झाली होती. पुढे कार्डातील चिप स्वतः गणित करू लागली. दूरचा संगणक दर वेळी एक नवी संख्या पाठवितो. चिप आपल्याजवळील गुप्त किल्लीने तिच्यावर स्वाक्षरी करते आणि तेवढी स्वाक्षरीच परत जाते. संगणकाजवळ त्या किल्लीची जाहीर जोडकिल्ली असते. तिने स्वाक्षरी तपासता येते, बनविता येत नाही. गुप्त किल्ली कार्डाबाहेर कधीच पडत नाही. शिवाय कार्ड चोरणाऱ्याला पिन ठाऊक नसतो आणि ठरावीक वेळा तो चुकला की कार्ड बंद पडते. कार्ड कर्मचाऱ्याच्या मेजावरील यंत्रात आणि कुलूप शेकडो मैलांवर, अशी ही योजना आहे.

साधन असणे आणि ते वापरात असणे यांतील अंतर किती महाग पडते, याचा धडा अमेरिकेने घेतला आहे. ऑगस्ट २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या आदेशाने तेथील संघराज्य सरकारचे कर्मचारी आणि कंत्राटदार यांना एकाच प्रमाणाचे चिपयुक्त ओळखपत्र देण्याचे ठरले. इमारतीत शिरण्यासाठी आणि संगणकात शिरण्यासाठीही तेच कार्ड वापरावयाचे होते. कार्डे खिशात आली. संगणकाची दारे मात्र जुन्याच शब्दांनी उघडत राहिली. सरकारी नोकरांची दप्तरे सांभाळणाऱ्या कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाच्या २०१४ च्या तपासणीत असे आढळले की, त्याच्या ४७ प्रमुख प्रणालींपैकी एकीलाही प्रवेशासाठी हे कार्ड सक्तीचे नव्हते. त्याच वर्षी एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या नाव-शब्दाच्या आधारे घुसखोर आत शिरले. २०१५ साली हे उघडकीस आले, तेव्हा २ कोटी १५ लाख लोकांच्या चौकशीची कागदपत्रे आणि ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेलेले होते. शब्द बदलता येतो. बोटांचे ठसे कसे बदलावेत?

त्यानंतर ३० दिवसांची धडक मोहीम काढण्यात आली आणि बिगरलष्करी खात्यांतील अशा कडक ओळखतपासणीचे प्रमाण ४२ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेले. जे दहा वर्षांत झाले नाही ते काही आठवड्यांत झाले, याचा अर्थ अडचण तंत्राची नव्हती. ती अर्थशास्त्राची होती. वाचकयंत्रे घेणे, जुने कार्यक्रम बदलणे, तक्रारी निस्तरणे हा खर्च खात्याच्या अंदाजपत्रकावर पडतो. चोरीचे नुकसान मात्र ज्यांची माहिती गेली त्यांच्या माथी बसते. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असला की खर्च पुढे ढकलला जातो. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ साली हेच सूत्र मांडले होते. बँकेच्या यंत्रातून पैसे गेल्याचा वाद झाला की अमेरिकेत पुराव्याचे ओझे बँकेवर असे, ब्रिटनमध्ये ग्राहकावर. परिणामी ब्रिटिश बँका गाफील झाल्या. जबाबदारी जिथे टाकावी तिथे दक्षता येते.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली. संगणकाला लावावयाची ती लहानशी ‘डोंगल’ म्हणजे स्मार्ट कार्डाचेच भावंड होय. निविदा, देयके, ग्रामपंचायतीचे पैसे यांना आज तिचाच शिक्का लागतो. अधिनियमाचे ४२ वे कलम सांगते की, गुप्त किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी धारकाने घ्यावयाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळविले जाईपर्यंत जबाबदारी त्याचीच. प्रत्यक्षात डोंगल साहेबांची, ती असते ऑपरेटरच्या खणात आणि पिन चिकटविलेला असतो काचेखाली. ज्याला कोणी बनावट स्वाक्षरी करू शकत नाही, अशा साधनाचा आपण रबरी शिक्का करून टाकला आहे.

याचे खापर केवळ आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन कार्यभार असतात, तो दौऱ्यावर असतो आणि शिक्षकांची वेतनदेयके ठरल्या तारखेला जावी लागतात. कारकुनाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. प्रकरण अंगाशी आले की ‘मी सही केलीच नाही’ असे साहेब म्हणतात, ‘मला सांगितले म्हणून केले’ असे कारकून म्हणतो. आणि यंत्राच्या नोंदीत एकच नाव असते.

कार्ड हा रामबाण उपाय नव्हे, हेही खरे. घरचा संगणकच दूषित असेल तर टंकलेला पिन टिपून, कार्ड यंत्रात असेतोवर ते परस्पर वापरता येते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कार्डांवर रोखलेला असा विषाणू २०१२ साली उघड झाला. एस्टोनियात २०१७ साली चिपमधील दोषामुळे सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. परंतु दोष सापडताच ती स्थगित करणारी यंत्रणा तेथे सज्ज होती, हे महत्त्वाचे.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्याने काम करावयाचे त्याच्या नावाचे कार्ड आणि तेवढाच अधिकार त्याला मिळावा. कार्यभार सोपविला तर तो लेखी आणि संगणकातही सोपविला जावा. कार्ड काढताच दूरचे काम आपोआप बंद व्हावे; ही सोय प्रणालींत असते, ती सुरू करावी लागते. घरून काम घ्यावयाचे तर संगणक कचेरीने द्यावा. आणि माहिती गेली तर तिची किंमत खात्याने मोजावी, शेवटच्या कारकुनाने नव्हे. स्वाक्षरी ज्याची, तोच हात, हा दप्तराचा जुनाच नियम आहे. नव्या किल्लीने तो पाळणे प्रथमच सोपे केले आहे. तो पाळावयाचा की नाही, हे मात्र किल्ली ठरवीत नाही.