गळ्यातली गाठ आणि सुईची धास्ती

वजू करताना ओढणी मागे सरली आणि आमच्या धाकटीनं विचारलं, "खाला, गळ्याला हे काय?" तोवर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपांना मात्र चार महिने ठाऊक होतं. पाण्याचा घोट घेतला की गाठ वर सरके, पुन्हा खाली येई. दुखत नव्हती, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

थायरॉइडची गाठ अशीच गिळताना हलते. रक्तातलं टीएसएच ठीक निघालं. (ते कमी असतं तर आधी वेगळा स्कॅन करतात, जास्त हार्मोन बनवणाऱ्या गाठीत कर्करोग क्वचितच सापडतो.) सोनोग्राफीत गाठ अडीच सेंटिमीटरची दिसली आणि डॉक्टरांनी एफएनएसी लिहून दिली, म्हणजे बारीक सुईनं पेशी काढून तपासणं.

इथे आमचं गाडं अडलं. "सुई लावली की गाठ चिडते, पसरते," शेजारच्या बाई सांगून गेल्या. आम्ही मुलांना विज्ञान शिकवणारी माणसं, तरी तारीख चुकवली. लिहायला लाज वाटते.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजणं अत्यंत दुर्मीळ, त्या म्हणाल्या. शिवाय दहापैकी साधारण नऊ गाठी साध्याच असतात. सुई नको म्हटलं, तर खात्रीसाठी गाठीसकट अर्धी ग्रंथी कापून काढावी लागते.

खांद्याखाली उशी घेऊन मान मागे टाकली. रक्त काढायच्या सुईहूनही बारीक सुई, सोनोग्राफीत बघत दोन-तीनदा टोचली. त्या क्षणी गिळायचं नाही, बोलायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची. आपा त्याच दुपारी घरी येऊन भाकऱ्या थापत होत्या.

रिपोर्टात लिहिलं होतं, 'बेथेस्डा वर्ग 1'. आम्ही समजलो, कॅन्सरची पहिली स्टेज! ती रात्र कुणी झोपलं नाही. अशी गफलत इतर घरांतही होत असणार, म्हणून सांगतो. बेथेस्डा हे अमेरिकेतल्या गावाचं नाव. 2007 साली तिथल्या बैठकीत रिपोर्टाचे सहा वर्ग ठरले. ते आजाराच्या स्टेज नव्हेत. 1 म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा काढा. 2 म्हणजे गाठ साधी. 3 अनिश्चित. 5 म्हणजे दाट संशय, 6 म्हणजे कर्करोग. 4 मध्ये सुईचेच हात टेकतात. फॉलिक्युलर गाठीनं आपलं आवरण फोडलंय का, ते सुट्या पेशींवरून कळत नाही. गाठ काढूनच बघावी लागते.

काही आठवड्यांनी आपांना पुन्हा सुई लावली. वर्ग 2 आला. तोही क्वचित चुकतो, त्यामुळे वर्षानं परत सोनोग्राफी आहे. तारीख आपांनी स्वतः कॅलेंडरवर लिहिलीय, आणि शेजारच्या बाईंना सोबत चला म्हणून सांगितलंय.