मुळांवरच्या गाठी

आपल्या घरी आमटीला तुरीची डाळ रोज लागते. बडोद्याचा वाणी ती देताना वासदचे नाव आवर्जून घेतो. पण ही तूर शेतात असताना खत किती मागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. बागायती गव्हाला हेक्टरी सुमारे 120 किलो नत्र द्यावे अशी शिफारस असते, तुरीला मात्र 20 ते 25 किलो पुरते. मग बाकीचे नत्र ती आणते कुठून? नववीच्या मुलांनी हे विचारले, आणि उत्तर पाहण्यासाठी आम्ही पावसाळ्यात शाळेच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. तूर शेतात पाच-सहा महिने घेते, म्हणून तिचाच भाऊबंद मूग पेरला.

आधी थोडे हवेविषयी. हवेत 78 टक्के नत्रवायू आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वनस्पतीला त्याचा काही उपयोग होत नाही. ही पकड कारखान्यात सोडवता येते, हे जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये दाखवले. छाणीच्या पुढे फर्टिलायझरनगरच्या ज्या चिमण्या दिसतात, त्या जी.एस.एफ.सी.च्या कारखान्यात 1967 पासून खत तयार होते. अमोनिया बनवायचा तर हवेच्या शंभराहून अधिक पट दाब आणि 400 ते 500 अंश तापमान लागते. हेच काम मुळाशी एक जिवाणू मातीच्या साध्या ऊबेत करतो. त्याचे नाव रायझोबियम.

कडधान्यांच्या गाठींमधून हवेतले नत्र मिळते, हे हेलरीगेल यांनी 1886 मध्ये जाहीर केले आणि दोन वर्षांनी बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला. भारतात या विषयाचा पहिला अभ्यास 1920 मध्ये एन. व्ही. जोशी यांनी केला. झाडाचे मूळ मातीत काही द्रव्ये सोडते, ती ओळखून जिवाणू केसासारख्या बारीक मुळांतून आत शिरतो आणि तिथे गाठ तयार होते. झाड त्याला साखर देते, तो झाडाला अमोनिया देतो. एक अडचण मात्र आहे. नत्र बांधणारे त्याचे विकर प्राणवायू लागताच निकामी होते. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक लाल द्रव्य असते, ते प्राणवायू मोजून-मापून पुरवते. गाठ चिरली आणि आत गुलाबी दिसली, तर ती काम करते आहे असे समजावे. हिरवी किंवा करडी असेल तर तिचे काम संपले.

आमच्या तीन कुंड्या होत्या. एकीत नुसते बी, दुसरीत रायझोबियमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळलेले बी, तिसरीत युरिया. पाचव्या आठवड्यात मुलांनी पहिले रोप सरळ उपटले आणि "गाठीच नाहीत!" असा निकाल दिला. गाठी मातीतच तुटून राहिल्या होत्या. पुढची रोपे मग मातीसकट काढून बादलीत हलक्या हाताने धुतली. युरियाच्या कुंडीत गाठी अगदी थोड्या आणि बारीक. आयते नत्र मिळाल्यावर झाड जिवाणूला कशाला पोसेल? पण नुसते बी आणि पाकिटाचे बी यांत काहीच फरक दिसला नाही, आणि आम्ही जरा खजील झालो.

कारणे दोन असावीत. मुगाला चालणारे जिवाणू आपल्याकडच्या मातीत मुळातच असतात. तूर, चवळी, भुईमूग यांनाही तेच किंवा त्यांचेच सगेसोयरे चालतात. दुसरे कारण पाकिटाचे. ते आम्ही मे महिन्यात एका दुकानातून घेतले, तेव्हा दुकानदाराने ते उन्हातल्या फळीवरून काढून दिले होते. पाकिटात जिवंत जीव असतात आणि उन्हाने ते मरतात. तेव्हा पाकीट घेताना मुदतीची तारीख पाहावी, ते सावलीत ठेवावे, बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी लावावे आणि जिवाणू शेवटी, मग बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. ज्यांची गावाकडे शेती आहे, त्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावे. पैसे तर जातातच, पण "जिवाणूखत काही कामाचे नाही" असे मत एकदा झाले की ते लवकर पुसले जात नाही.

आणखी एक गैरसमज आहे. तूर उभी असताना शेजारच्या कपाशीला फुकटचे नत्र भरपूर मिळते असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे बरेचसे नत्र दाण्यातच जाते, म्हणजे आपल्या आमटीत. जमिनीला मिळते ते मुख्यतः मुळे आणि गळालेला पाला कुजल्यावर, पुढच्या पिकाला. पीक मुळासकट उपटून नेले तर तेही कमीच.

हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो, मुगाचा त्याला चालत नाही. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही हरभरा पेरणार आहोत. गावाला जाल तेव्हा तिथल्या शेतातली दोन-तीन मुठी माती पिशवीत आणावी. पिशवीवर गावाचे नाव आणि आधीचे पीक लिहावे. कोणाच्या मातीत गुलाबी गाठी येतात, ते सर्वांना पाहता येईल.