टोलनाक्यावरची रांग आणि पाच तुकड्यांचं ‘वागळे’

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच टोलनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून चेकनाक्यावरून मुलुंडात शिरणाऱ्या मोटारीला तोवर ४५ रुपये पडत. त्या रात्रीनंतर काहीच पडेना. मालवाहू ट्रकचा टोल मात्र चालूच राहिला. निर्णय एका ओळीचा होता. आता असं धरा की अशा नाक्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय. या एका ओळीपायी त्यात किती ठिकाणी हात घालावा लागेल?

प्रोग्रॅम म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञांची लांबच लांब यादी असेल, तर मोटार की ट्रक हा प्रश्न तिच्यात जागोजागी विचारलेला सापडेल. पावती छापताना तो येतो, पाळीचा गल्ला जुळवताना येतो आणि महिन्याचा अहवाल काढतानाही येतो. त्यातली एक जागा दुरुस्त करायची राहिली, की पावतीवर शून्य छापलं जातं आणि गल्ल्याच्या बेरजेत ४५ धरले जातात. आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत जागून शोधल्या जाणाऱ्या चुकांपैकी पुष्कळशा याच जातीच्या असतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. ती पद्धत समजून घ्यायला टोलनाक्याहून चांगली जागा मला सुचत नाही, कारण तिच्या जन्मकथेतही एक टोलनाका आहे.

१९६२ च्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. त्याच वर्षी ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगोर आणि उले-यूहान डाल हे दोघे एका नव्या संगणकभाषेची जुळवाजुळव करत होते. तिचं नाव सिम्युला. बंदरात थांबलेली जहाजं किंवा कारखान्यात यंत्रापुढे साचलेला माल अशा रांगांची नक्कल संगणकावर करायची, म्हणजे प्रत्यक्ष खर्च करण्याआधी कुठे तुंबणार ते कळेल, हा तिचा हेतू. भाषा चालू झाली, वापरातही आली. मग एका उदाहरणाने दोघांना अडवलं. पुलावरचा टोलनाका, त्यापुढे वाहनांची रांग, आणि रांगेत काही ट्रक, काही बस. दोन्हींना नंबर असतो, दोन्ही वाहनं रांगेत उभी राहतात. पण ट्रकला माल असतो, बसला प्रवासी. सामाईक भाग दोनदा का लिहायचा? तो ‘वाहन’ म्हणून एकदाच लिहावा, आणि ट्रक व बस यांनी त्यावर आपापली भर घालावी, असा तोडगा त्यांनी काढला. १९६७ च्या सिम्युलामध्ये तो क्लास आणि सबक्लास या रूपात उतरला. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी दोघंही वारले.

न्यूगोर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट वागळेच्या लेथ-मिलिंगच्या गाळ्यांत आयुष्य काढलेल्यांना जवळची वाटेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्याचं नियोजन संगणक करणार असेल, तर तो काय करतोय हे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सिम्युलाकडेही ते आधी वर्णनाची भाषा म्हणून बघत आणि मग आज्ञांची. नवशिक्याने नेमकं हेच आधी धरावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे शिकवणी बहुतेक वेळा आज्ञांपासून सुरू होते आणि वर्णन शेवटच्या धड्यात येतं.

तर आपल्या नाक्याचं वर्णन करू. ‘वाहन’ हा क्लास. क्लास म्हणजे कोरा छापील फॉर्म: नंबर, आल्याची वेळ, एवढे रकाने. एमएच ०४ ची ठाण्याची एक मोटार आली, फॉर्म भरला, तो भरलेला फॉर्म म्हणजे एक ऑब्जेक्ट. मागून एमएच ०५ चा कल्याणचा ट्रक आला, तो दुसरा ऑब्जेक्ट. पण कागदाचा फॉर्म स्वतः काही करत नाही. ऑब्जेक्ट करतो, आणि तो जे करतो त्याला मेथड म्हणतात. आपण ‘टोल’ नावाची मेथड लिहू. पायथॉन या संगणकभाषेच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावं थेट देवनागरीत लिहिता येतात, तेव्हा प्रोग्रॅममध्ये खुशाल असं लिहावं:

गाडी.टोल()

मधलं टिंब महत्त्वाचं आहे. ‘गाडी, तुझा टोल सांग’ एवढाच त्याचा अर्थ. नाक्याने गाडीला तू मोटार की ट्रक असं विचारायचंच नाही. ‘वाहन’वर भर घालून हलकं वाहन आणि ट्रक असे दोन सबक्लास केले, की हलक्या वाहनाच्या क्लासमधली ‘टोल’ मेथड ४५ सांगेल, ट्रकच्या क्लासमधली आपला आकडा सांगेल. एकच प्रश्न, आणि ज्याचं उत्तर त्याच्यापाशी. १४ ऑक्टोबरच्या रात्री हलक्या वाहनाच्या क्लासमधल्या ४५ च्या जागी शून्य लिहायचं की झालं. पावती, गल्ला आणि अहवाल यांना धक्का लागत नाही, कारण त्यांनी आकडा कधी स्वतःजवळ ठेवलाच नव्हता.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सांगणं आणि दाखवणं यांत. प्रिंट ही आज्ञा पडद्यावर मजकूर उमटवते. पहिल्याच तासाला ती शिकवतात, त्यामुळे मुलं प्रत्येक मेथडमध्ये ती घालतात. ‘टोल’ मेथडने ४५ पडद्यावर छापले, परत मात्र काहीच दिलं नाही. पडद्यावर आकडा दिसतो, सगळं ठीक वाटतं. संध्याकाळी दिवसाची बेरीज करायला जावं तर पायथॉन हात वर करतो, कारण मेथडकडून त्याला मिळालेलं उत्तर आहे ‘नन’, म्हणजे काही नाही. पडद्यावरचे ४५ माणसाने वाचले, प्रोग्रॅमच्या हाती ते कधी आलेच नाहीत. म्हणून मेथडने उत्तर परत द्यावं आणि ते छापायचं की बेरजेत धरायचं हे विचारणाऱ्याने ठरवावं. छापायचंच असेल तर print(गाडी.टोल()) असं बाहेरून लिहावं. ही एक सवय पहिल्या महिन्यात लागली तर पुढची कित्येक वर्षं सुखाची जातात.

दुसरी ठेच मजकुराची. अवतरणचिन्हांत लिहिलेला ‘४५’ म्हणजे मजकूर, प्रोग्रॅमरांच्या बोलीत स्ट्रिंग. दोन स्ट्रिंगांमध्ये अधिक चिन्ह घातलं तर त्या एकमेकींना चिकटतात: ‘४५’ अधिक ‘४५’ म्हणजे ‘४५४५’. नव्वद हवे असतील तर आधी इंट वापरून मजकुराची संख्या करावी लागते. पायथॉनचं इंट देवनागरी आकडेही ओळखतं, हे मराठी शाळेतल्या मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवावं. त्यांचे चेहरे खुलतात.

पण स्ट्रिंग हाही एक ऑब्जेक्टच आहे, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्याचं ऑब्जेक्ट असणं फार कामाचं ठरतं. ‘वागळे’ची लांबी किती? आपण तीन म्हणू: वा, ग, ळे. पायथॉन पाच म्हणतो. त्याच्या लेखी व, काना, ग, ळ आणि मात्रा असे पाच तुकडे आहेत. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३५७, २३६६, २३२७, २३५५ आणि २३७५. ही मांडणी आपल्याच इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या त्या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाचं काम त्यांनी पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नेलं. उच्चाराच्या क्रमाने तुकडे साठवायचे आणि आकार घडवायचं काम पडद्यावर सोपवायचं, हा त्यामागचा विचार.

म्हणून ‘डोंबिवली’तली पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘ब’च्या नंतर असते आणि पडद्यावर ‘ब’च्या आधी उमटते. साठवण वेगळी, आउटपुट वेगळं. मधलं काम आकार जुळवणारा प्रोग्रॅम करतो. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाची खुली प्रणाली करते. हे न कळता शब्द उलटा करायला गेलं तर काय होतं ते जरूर करून पाहावं. ‘वागळे’चे पाच तुकडे उलटे लावले की सुरुवातीला एक निराधार मात्रा लोंबकळते आणि पुढे ‘ळगाव’ उरतं. ‘व’चा काना ‘ग’ला जाऊन चिकटलेला असतो.

ॲपलच्या स्विफ्ट भाषेतली स्ट्रिंग मात्र ‘वागळे’ची लांबी तीन सांगते, कारण तिच्यात व्यंजन आणि त्याची स्वरचिन्हं मिळून एक अक्षर धरलं आहे. युटीएफ-८ या पद्धतीने साठवताना हाच शब्द पंधरा बाइट घेतो, प्रत्येक तुकड्याला तीन. तीन, पाच आणि पंधरा, ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपण कोणत्या ऑब्जेक्टला विचारलं एवढाच फरक.

हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. एखाद्या ऑनलाइन अर्जात गावाच्या नावासाठी वीस बाइट राखून ठेवले असतील, तर इंग्रजीत ‘डोंबिवली’ आरामात मावते. देवनागरीत तिचे आठ तुकडे होतात, म्हणजे चोवीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालवली की ‘डोंबिव’ शाबूत राहतं, ‘ल’चे तीनपैकी दोनच बाइट उरतात आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. वागळेच्या आयटी पार्कांत बसून राज्यभरच्या लोकांसाठी अर्ज आणि पावत्या घडवणाऱ्यांनी यासाठी ‘नाव’ असा एक छोटा क्लास लिहून ठेवावा. त्यात ‘लांबी’ ही मेथड वाचणाऱ्याच्या डोळ्याने अक्षरं मोजेल आणि ‘छाट’ ही मेथड अक्षराच्या मधोमध कधीच कापणार नाही. तपासायला आपलंच नाव घ्यावं, आणि त्यानंतर ‘ज्योत्स्ना’.