नोकरी सोडली, पगार मात्र अडकला
हक्काचा पैसा : भाग 7

राजीनाम्याची पोच का घ्यावी, ते मागच्या आठवड्यात पाहिले. पण पोच घेतली, शेवटचा दिवस भरला, लॅपटॉप आणि ओळखपत्रही परत केले, तरी पगार येतोच असे नाही. 'फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात होईल', 'अकाउंट्सवाले रजेवर आहेत', 'साहेबांची सही राहिलीय' हे ऐकता ऐकता माणूस नव्या नोकरीत रुळतो आणि जुने पैसे सोडून देतो. पैसे थकवणारा मालक नेमका याच कंटाळ्यावर विसंबून असतो. राबून मिळवलेला पगार असा सोडून द्यावा लागणे मला अतिशय अन्यायाचे वाटते, आणि आता तर कायदाही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त नोकरदाराच्या बाजूचा झाला आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 देशभर लागू झाली. तिच्या कलम 17 प्रमाणे मालकाने काढले असो, कामगार कपातीत नोकरी गेलेली असो की आपण स्वतः राजीनामा दिलेला असो, देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. 1936 च्या जुन्या वेतन कायद्यात दोन दिवसांची ही मुदत मालकाने कमी केलेल्यांपुरतीच होती. राजीनामा देणारा त्यात बसत नव्हता. शिवाय त्या कायद्याला महिना 24,000 रुपयांची मर्यादा होती, त्यामुळे 25,000 मिळवणाऱ्या सुपरवायझरला त्याचा आधारच नव्हता. ती मर्यादा आता गेली. 'आमच्याकडे 45 दिवसांनीच हिशेब होतो' असे एचआरने सांगितले, तर तो त्यांचा अंतर्गत नियम झाला. कायद्याची मुदत त्याने लांबत नाही.

मागणी करायची तर आकडा हवा. 'माझे पैसे द्या' या वाक्याला टोलवणे सोपे असते, आकड्याला तसे टोलवता येत नाही. समजा, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कुणाला महिना 31,000 रुपये पगार आहे. फेब्रुवारीचा पगार 7 मार्चपर्यंत मिळायला हवा होता, तो मिळाला नाही. 18 मार्चला त्याने नोकरी सोडली. मार्च 31 दिवसांचा, म्हणजे दिवसाला 1,000 रुपये. फेब्रुवारीचे 31,000 आणि मार्चच्या 18 दिवसांचे 18,000 मिळून 49,000 रुपये झाले. पीएफसारख्या रीतसर कपाती यातून वजा करायच्या. कंपनी 26 दिवसांच्या भागाने पगार काढत असेल, तर जुन्या पगारपत्रकावरून तीच पद्धत धरावी. शिल्लक रजेचे किंवा ओव्हरटाइमचे पैसे निघत असतील तर ते वेगळ्या ओळीत मांडावेत. हा हिशेब ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवून त्यात पैसे देण्याची तारीख घालावी. फोनवर कितीही गोड बोलणे झाले, तरी त्याच संध्याकाळी 'आज आपण अमुक सांगितलेत' असा दोन ओळींचा ईमेल टाकावा.

कागद मात्र नोकरीत असतानाच गोळा करावे लागतात. नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचे स्टेटमेंट, हजेरीचे पुरावे हे सारे स्वतःच्या खासगी ईमेलवर असू द्या, कारण ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो. कंपनीची गोपनीय माहिती तेवढी त्यात घेऊ नका. काही कागद राहून गेले तरी खचू नका. कामाचे पैसे मिळाले नाहीत, असा दावा केला की ते दिले हे सिद्ध करण्याचा भार कलम 59 ने मालकावर टाकला आहे.

सर्वांत जपायचे ते सहीला. 'सर्व हिशेब मिळाला, काहीही येणे नाही' असा कागद पुढे येतो आणि त्यावर सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही असे सुनावले जाते. नवी नोकरी त्या पत्रावर अडलेली असल्याने अनेकांचा हात इथेच सैल पडतो. संहितेखालचा पैसा सोडून देणारा असा करार कलम 60 नुसार निरर्थक ठरतो. तरीही खात्यात रक्कम जमा होण्याआधी सही करू नये. करावीच लागली, तर सहीखाली 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असे हाताने लिहून तारीख घालावी आणि कागदाचा फोटो काढून ठेवावा.

दिलेली तारीख उलटली की जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जावे. रेल्वे, बँका, बंदरे, खाणी अशा ठिकाणच्या नोकरदारांसाठी केंद्र सरकारची यंत्रणा वेगळी आहे. सरकारी कामगार अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना बोलावल्यावर प्रकरण तिथेच मिटले तर उत्तम. नाही मिटले, तर कलम 45 खाली रीतसर दावा करता येतो. तो स्वतः करता येतो किंवा आपल्या नोंदणीकृत युनियनमार्फतही. मुदत तीन वर्षांची आहे, पूर्वी ती एकच वर्ष होती. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात तारखा लांबू शकतात, त्या तयारीने जावे. आदेश होऊनही मालकाने पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्यांना 'ठेकेदार पळाला, आम्ही काय करणार' हे उत्तर ठरलेले असते. ते मान्य करू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर ती जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते, असे कलम 43 सांगते. एकाच गेटवर दहा जणांचे पैसे अडकले असतील तर सर्वांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजनही जास्त असते. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत मदत मिळण्याचा हक्क आहे.

मालकाने चेक दिला आणि तो वटला नाही, तर मुदती फार आखूड असतात. बँकेचा निरोप मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, म्हणून त्या बाबतीत वकिलाकडे लगेच जावे.

ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड यांचे अर्ज, मुदती आणि कार्यालये वेगळी आहेत. त्यांविषयी पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या यूएएन खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे का, ते पाहून ठेवावे. पैसे काढताना पहिली अडचण तिथेच येते.