मोटारीचे सांधे : धुणे सोपे, जोडणे अवघड

इंजिनात निर्माण झालेली फिरकी चाकापर्यंत पोचते ती एका दांड्यामार्फत. हा दांडा सदैव सरळ रेषेत राहिला असता तर प्रस्तुत लेखाचे कारणच उरले नसते. परंतु खड्ड्यागणिक चाके वर-खाली होतात, आणि पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत तीच चाके वळणावर डावी-उजवीकडेही फिरतात. म्हणून दांड्याला सांधे द्यावे लागतात, सांध्याला वंगण लागते, आणि वंगण खराब झाले की कधीतरी तो सांधा उघडून धुवावा लागतो. धुण्याचे काम कोणीही शिकाऊ पोरगा करतो. खरी परीक्षा आहे ती पुन्हा जोडण्यात.

आपल्याकडील विद्यार्थी चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीत शिरतात तेव्हा पहिली ओळख होते ती तांबड्या धुळीची. ही धूळ म्हणजे बव्हंशी जांभ्याची माती आणि लोहखनिजाचा चुरा. लोहाच्या याच ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड दागिन्यांना चकाकी आणण्यासाठी वापरली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती ग्रीसमध्ये मिसळल्यावर काय होत असेल याची कल्पना येईल. सांधा आतून पॉलिश होऊ लागतो, आणि झिजतो! पेडण्याच्या बाजूला मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यांवरची वाळू तर त्याहून वाईट. वाळूचा कण गारेचा. तो पोलादालाही ओरखडा काढतो. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत डिचोली तालुक्यातील कित्येक कुटुंबांचा संसार कर्जाने घेतलेल्या एखाद्या टिप्परवर चालत असे. अशा घरी सांधा निकामी होणे म्हणजे खेप बुडणे, आणि खेप बुडणे म्हणजे हप्ता थकणे.

सांध्यांचे मुख्य प्रकार दोन. ट्रक, जीप, ॲम्बॅसॅडर, पद्मिनी यांच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला क्रॉसचा सांधा असतो. अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप, आणि कपात सुयांसारखे बारीक रोलर. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचे नाव या सांध्याला मिळाले आहे. दुसरा प्रकार सहा गोळ्यांचा. फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड रझेप्पा याने तो १९२०च्या दशकात काढला. आपल्या रस्त्यांवर तो घरोघरी पोचला तो डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मुळे, कारण तिची पुढची चाके इंजिनाने फिरत.

हूकच्या सांध्यात एक खोड आहे. कोनात फिरताना तो समान वेग देत नाही. एका बाजूचा दांडा मिनिटाला १००० फेरे अगदी एकसारखे घेत असला आणि दोहोंतील कोन १० अंश असला, तर पलीकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ९८५पर्यंत मंदावतो नि दोनदा १०१५पर्यंत धावतो. कोन ३० अंश झाला तर हाच फरक ८६६ ते ११५५ इतका होतो. (कोसाइनचे कोष्टक काढून विज्ञान शाखेच्या वाचकांनी पडताळा घ्यावा.) यावर तोड अशी, की शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा द्यायचा आणि शाफ्टवरचे दोन्ही योक, म्हणजे दुबोटी चिमटे, एकाच पातळीत ठेवायचे. दोन्हीकडचे कोन सारखे असले की पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसून टाकतो.

प्रोपेलर शाफ्ट मात्र लांबीला कमी-जास्त होण्यासाठी मध्येच दाते पाडून सरकता ठेवलेला असतो. धुण्यासाठी तो उपसला आणि परत घालताना पाव फेरा चुकला, तर दोन चुका एकमेकींना पुसण्याऐवजी एकीवर एक चढतात. वरच्याच १० अंशांच्या उदाहरणात मग ९७० ते १०३१ असा हेलकावा बसतो. सर्व भाग नवेकोरे, ग्रीस उत्तम, आणि तरी गाडी थरथरते! मालक टायर बदलतो, इंजिनाला दोष देतो; दोष असतो दोन-चार दात्यांचा. म्हणून नट सैल करण्यापूर्वी पंचाने किंवा रंगाने समोरासमोर खुणा कराव्यात. कारखान्याने बाण कोरलेले असतात, पण तांबड्या चिखलाखाली ते शोधायचे कोणी?

त्याहीआधी चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असूनही मागची चाके मोकळी होतात. जुन्या जीपगाड्यांचा हातब्रेकही शाफ्टवरच चालत असल्याने तोही निरुपयोगी ठरतो. उतारावर उभ्या गाडीखाली झोपलेल्या माणसाला एवढे पुरे आहे. घाटात धावत्या ट्रकचा सांधा तुटला तर इंजिनाचा रोध असाच एकदम नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

आता क्रॉस बसवणे. रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडे केलेल्या कपात ग्रीसचा थर द्यावा व त्यात रोलर एकेक करून उभे चिकटवावेत. कप पकडीत दाबून आत न्यावा. तो पूर्ण गेला नाही आणि लॉक खाचेत बसेना, तर हातोडा उचलू नये. एखादा रोलर आडवा पडून तळाशी बसला आहे असे समजावे आणि कप परत काढावा. शेवटी चारही टोकांच्या सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन मारावी. एका टोकातून आले, बाकीच्या तिहींतून आले नाही, तर काम झालेले नाही.

गोळ्यांचा सांधा अधिक मानी. काही कंपन्या बाहेरचा, चाकाकडचा सांधा मुळीच खोलू नये असे सांगतात, त्यांचे ऐकावे. जो खोलता येतो त्यात प्रत्येक गोळी, पिंजरा आणि आतली कडी यांनी आपापली जागा वर्षानुवर्षे घासून ओळखीची केलेली असते. अदलाबदल झाली की नवी झीज सुरू. म्हणून गोळ्या एकाच वाटीत टाकून धुऊ नयेत, अंड्यांच्या पुठ्ठ्यात क्रमाने ठेवाव्यात. जोडताना कडी आडवी करून पिंजऱ्याच्या खिडकीतून आत घालावी व फिरवावी. मग तो पिंजरा बाहेरच्या घंटेसारख्या वाटीत उभा सोडून सपाट करावा. दोन्हींची आतली बाजू कोणती हे खुणेवरून पाहावे, कारण उलटे बसवले तरी ते काही गाड्यांत आत जाते, आणि मग सांधा पूर्ण वळत नाही. पिंजरा एका बाजूला कलता करून समोरच्या खिडकीत गोळी, मग दुसऱ्या बाजूला कलवून दुसरी, असे सहा वेळा. अखेरची गोळी सर्वांत जास्त कलवल्यावर जाते. बोटांनी जाईना तर खुणा परत तपासाव्यात.

या सांध्याला मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीसच हवे, तेही कंपनीने सांगितले तेवढेच. लॉक नवे घालावे. रबरी बूट खाचेत नीट बसवून, त्याची कड जरा उचलून आतली कोंडलेली हवा सोडावी आणि मगच क्लिप आवळावी. भेगाळलेला बूट पुन्हा चढवणे म्हणजे धुतलेल्या तांदळात मूठभर माती टाकणे. चाकाचा मोठा नट नवा घेऊन सांगितलेल्या जोरानेच कसावा व त्याची कड खाचेत ठोकावी.

मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून सावकाश दोन घिरट्या घालाव्यात, नंतर उजवीकडे. कट-कट असा आवाज आला तर झीज गोळ्यांच्या वाटेपर्यंत पोचली आहे. तो सांधा कितीही धुतला तरी बदलावाच लागतो. आवाज आला नाही तर दोन दिवस गाडी चालवून क्लिपभोवती आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे उडाले आहेत का, ते बॅटरी घेऊन पाहावे.