आधार नंबरचा शेवटचा आकडा आहे राखणदार! तो कोणती चूक पकडतो, कोणती सोडतो?

पीक विमा असो की रेशन, आधार नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. घाईत एक आकडा चुकला की स्क्रीनवर लगेच 'आधार क्रमांक चुकीचा' असं येऊ शकतं. नाव-गाव न तपासताच मोबाईलला ही चूक कशी कळते? त्याचं उत्तर त्या १२ आकड्यांतच आहे.

नंबरात काय असतं?
देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातल्या टेंभली (जि. नंदुरबार) गावात दिला गेला. या नंबरात जात, जिल्हा, जन्मतारीख असं काहीच लपलेलं नसतं. तो ० किंवा १ नं सुरू होत नाही. म्हणजे पहिल्या जागेला ८ पर्याय आणि पुढच्या दहा जागांना प्रत्येकी १०. गुणाकार केला तर ८ हजार कोटी नंबर होतात. बारावा आकडा मात्र मनानं ठरत नाही, आधीच्या ११ आकड्यांवर गणित करून तो निघतो.

गणित कसलं?
नुसती बेरीज करून भागत नाही. ३५२ ची बेरीज १० आणि ५३२ चीही १०. आकडे मागंपुढं झाले तर बेरजेला पत्ता लागत नाही. म्हणून आधारसाठी नेदरलँडचे गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. यात क्रमाला किंमत आहे. आधी पेरणी आणि मग नांगरणी चालत नाही, तसंच हे. पंचकोनी कागद ५ प्रकारे फिरवता येतो आणि ५ प्रकारे उलटवता येतो. या १० हालचालींना ० ते ९ आकडे दिलेत. शिवाय आकडा कितव्या जागेवर आहे, हेही धरलं जातं.

काय पकडतं, काय नाही?
• एक आकडा चुकला : हमखास पकडतं.
• शेजारचे दोन आकडे उलटे पडले (५८ ऐवजी ८५) : हमखास पकडतं.
• जास्त आकडे चुकले : साधारण दहातली एक चूक निसटते.
• दुसऱ्याचाच बरोबर नंबर टाकला : अजिबात पकडत नाही.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. घरातल्या दोघांची कार्डं सोबत असताना बापाच्या अर्जात मुलाचा नंबर पडला, तर हे गणित गप्प बसतं. अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात येणार असेल, तर अर्ज अडकण्याचा किंवा पैसे भलतीकडं जाण्याचा धोका असतो. एखाद्यानं गणित जुळवून बनावट नंबर तयार केला, तर तोही या चाळणीतून जातो.

म्हणून ई-सेवा केंद्रात अर्ज भरला की पावतीवरचे शेवटचे चार आकडे आपल्या कार्डाशी ताडून बघा आणि नाव वाचा. नंबर खरोखर दिलेला आहे का, हे आधारच्या सरकारी वेबसाईटवर तपासता येतं. अडचण आली तर १९४७ वर फोन करा.