हार्ट फेल्युअरचे दूरनिरीक्षण : आकडा वाचणार कोण?

हार्ट फेल्युअर, म्हणजे शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती उणी पडणे, या विकाराचे स्वरूप गेल्या लेखांकात पाहिले. हृदयाकडून येणारा पुरवठा घटला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, रक्ताचे आकारमान वाढते, आणि थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. हे चक्र औषधांनी मंदावते, परंतु ते पुन्हा केव्हा वेग घेईल याचा नेम नसतो. रुग्णालयातून घरी परतलेला रुग्ण काही आठवड्यांतच पुन्हा दाखल होतो, असे अनेकांच्या बाबतीत घडते ते यामुळेच. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो या दोन मुक्कामांमधल्या काळाचा, ज्या काळात रुग्ण घरी असतो आणि डॉक्टर दूर असतात.

हा बिघाड एकाएकी होत नाही. बहुतेक रुग्णांत आधी हृदयातील आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधील दाब चढतो, मग वजन वाढते, पायांवर सूज येते, आणि धाप लागून उशाला दोन-तीन उश्या घेतल्याशिवाय झोप येईनाशी होते ती अगदी अखेरीस. दाब चढण्यापासून धाप लागेपर्यंत अनेक दिवस, कधी कधी काही आठवडेही, हाताशी असतात. दूरनिरीक्षणाची सारी कल्पना या अवधीवर उभी आहे. सर्वांत साधे साधन म्हणजे वजनकाटा : सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढले तर डॉक्टरांना कळवावे, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला मोलाचा असला तरी अपुरा आहे, कारण पोटातील शिरांमध्ये साठलेले रक्त छातीकडे सरकले तर काट्यावर काहीच न दिसता फुप्फुसांत पाणी साचू शकते. शिवाय दीर्घ आजारात स्नायू झिजून वजन घटत असेल तर साचलेल्या पाण्याचे वजन त्या घटीत लपून जाते.

अमेरिकेत 1653 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेली-एचएफ’ या चाचणीत निम्म्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला फोन करून, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे व आपले वजन कळ दाबून नोंदवायचे होते. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण या गटात 52.3 टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात 51.5 टक्के भरले, लाभ शून्य. जवळजवळ 14 टक्के रुग्णांनी यंत्रणा एकदाही वापरली नाही आणि अखेरच्या आठवड्यात निम्म्याहून थोडेच अधिक रुग्ण आठवड्यातून किमान तीनदा फोन करत होते. ध्वनिमुद्रित आवाजाशी रोज बोलण्याचा कंटाळा येणे यात रुग्णांचा दोष मानता येत नाही. आलेल्या नोंदी कामाच्या दिवशीच तपासल्या जात. शनिवारी वाढलेले वजन सोमवारपर्यंत वाट पाहत राही.

जर्मनीतील ‘टिम-एचएफ2’ या चाचणीचा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने चित्र पालटले, म्हणून तिच्या रचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. 1571 रुग्णांपैकी दूरनिरीक्षणाच्या गटातील प्रत्येकाच्या घरी परिचारिका जाऊन उपकरणे लावून देई व ती वापरायला शिकवी. रुग्ण रोज वजन करी, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजी, बोटाला चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजन पाही, ईसीजी काढी, आणि आपल्याला आज कसे वाटते याचीही नोंद करी. हे सारे मोबाइलच्या जाळ्यातून बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्रात पोहोचे. तेथे डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही, हजर असत. त्यांना रुग्णाला फोन करण्याची, औषधाची मात्रा बदलण्याची आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलण्याची मुभा होती. वर्षभरात हृदयविकारामुळे अनपेक्षितपणे दाखल होण्यात किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस नेहमीच्या उपचारांत सरासरी 24.2 होते, ते या गटात 17.8 वर आले, आणि मृत्यूचे प्रमाणही दर 100 रुग्णवर्षांमागे 11.34 वरून 7.86 वर उतरले. दोन्ही चाचण्यांत उपकरणांचा फरक होताच. तथापि निर्णायक फरक आकडा वाचणारा माणूस आणि त्याला मिळालेला अधिकार यांचा दिसतो.

या मताला बळकटी मिळते ती निराळ्या दिशेने. फुप्फुसाच्या धमनीत बसवायच्या ‘कार्डिओमेम्स’ या छोट्या संवेदकाला बॅटरी नसते. रुग्ण एका खास उशीवर पडतो, उशीतील अँटेनामुळे संवेदक जागा होतो आणि धमनीतील दाब केंद्राकडे जातो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅम्पियन’ चाचणीत 550 रुग्ण होते आणि दोन्ही गटांतील रुग्णांना संवेदक बसवला होता. फक्त एका गटाचे आकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवले जात. त्या गटात सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झाले. दाब रोज मोजला जात होता तो दोन्हीकडे, पण लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा वेळीच बदलली गेली ती एकीकडेच. 2021 मधील 1000 रुग्णांच्या ‘गाइड-एचएफ’ चाचणीत मात्र एकूण निकाल इतका स्पष्ट आला नाही, त्यामुळे या महागड्या उपकरणाविषयी तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही.

भारतात हा प्रश्न अधिक तातडीचा आहे. 2013 मध्ये तिरुवनंतपुरम येथील रुग्णालयांतून नोंदवलेल्या 1205 रुग्णांचे सरासरी वय 61 च्या आसपास होते, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दशकभर कमी, आणि तीन वर्षांत त्यांतील जवळपास 45 टक्के दगावले. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेने दूरचा सल्ला गावापर्यंत नेला, ही लहान गोष्ट नव्हे; परंतु तो सल्ला रुग्णाने मागितल्यावर मिळतो, आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला आपले बिघडले आहे हे कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. येथे महागड्या संवेदकांच्या आधी प्रत्येक रुग्णाच्या घरी वजनकाटा व रक्तदाबाचे यंत्र, लोणचे-पापडातील मिठाविषयी घरच्यांची नीट समजूत, आणि जिल्हा पातळीवर ठरलेल्या मर्यादेत गोळीची मात्रा वाढवण्याची लेखी परवानगी असलेली परिचारिका, एवढी सोय झाली पाहिजे. ती कायमची असावी लागेल हेही ध्यानात घ्यावे लागते, कारण ‘टिम-एचएफ2’ मधील निरीक्षण थांबवल्यानंतरच्या वर्षात दोन्ही गटांतील रुग्णांच्या गमावलेल्या दिवसांत लक्षणीय फरक उरला नव्हता.